न येणाऱ्या कामांची यादी

काम मागायला आलेला माणूस आपल्याला काय काय येतं ते सांगतो. निवृत्तीभाऊ काय येत नाही ते आधी सांगत. नव्वदच्या दशकात आळेफाट्यावर माझा टायपिंगचा क्लास होता. समोरच्या गॅरेजमध्ये स्कूटर लावून मी बाकावर बसलो असताना खोडदचा हा उंच, किडकिडीत माणूस आला आणि मालकासमोर हात बांधून उभा राहिला.

"शेठ, मला डिझेल पंप उघडाया येत न्हाई. वायरिंगचं डोकं न्हाई. आन् ट्रक रिव्हर्स घ्यायला माज्या हाती देऊ नका."

"मग येतं काय, राव? चहा सांगायला ठेवू का?"

"बाकी समदं येतं."

मालकाने त्यांना त्याच दिवशी ठेवून घेतलं. मला म्हणाला, "सर, येतंय येतंय म्हणणारे दोघं माझी दोन इंजिनं फोडून गेले. हा बरा."

पुढे दहा-बारा वर्षं मी त्यांना समोरून पाहत होतो. नाशिककडे निघालेल्या एका ड्रायव्हरला त्यांनी सांगितलं, "ब्रेक जोडलाय, पन माजी खात्री व्हईना. दुसऱ्याला दाव." ड्रायव्हरने आयमाय उद्धारली, पण ट्रक हलवला नाही. त्यांच्या मुलीला पाहायला पाहुणे आले तर पोहे संपायच्या आत म्हणाले, "पावणं, पोरीला भाकरी थापता येत न्हाई बरं का." त्यांची बायको, आमच्या पारूवहिनी, आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. लग्न मात्र त्याच घरात जमलं. मी एकदा छेडलं, तेव्हा भाऊ म्हणाले, "येत न्हाई म्हनलं की लोक शिकवत्यात, सर. येतं म्हनल्यावर कोन शिकवनार?"

मग मालक वारला. मुलांनी गॅरेज पाडून हॉटेल बांधायला घेतलं. माझ्याकडेही टायपिंगची मशीनं जाऊन कम्प्युटर आले होते. लोक इंटरनेटवर फॉर्म भरून घ्यायला येत. चाकणकडच्या एका कारखान्यात दुरुस्तीच्या कामाला माणसं घेणार होते. अर्ज फक्त कम्प्युटरवर. भाऊ तेव्हा पंचेचाळिशीचे. इस्त्रीचा सदरा, घोटून केलेली दाढी, चपला बाहेर काढून आले आणि स्क्रीनसमोर ताठ बसले.

"भाऊ, आज साहेब नाही. नुसता फॉर्म आहे."

"पन तिकडनं बघनारा आसंल की कोनतरी."

"कोणी नाही. आधी कम्प्युटरच निवडतो."

कामांची यादी होती आणि प्रत्येकापुढे 'हो' किंवा 'नाही'. भाऊंनी सगळी उत्तरं खरी दिली. वेल्डिंग हो, पंप हो (तो ते गॅरेजातच शिकले होते), छताखालची क्रेन नाही. मी अर्ज पाठवला आणि लगेच उत्तर आलं, की तुमचा अर्ज निकषांत बसत नाही.

"एवढ्यात? वाचला तरी कवा?"

त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. मी दुसरा ईमेल काढला, फॉर्म नव्याने उघडला आणि सगळीकडे 'हो' केलं.

"आवो सर, क्रेनला मी हात बी लावला न्हाई."

"ते आत गेल्यावर माणसाला सांगा. मशीनला खरं सांगून काय करायचंय?"

भाऊंनी यादी वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिली. मग म्हणाले, "तुमी शिकल्यालं. तुमाला कळतं." मी बटण दाबलं. त्या वेळी मला मी फार मोठं उपकाराचं काम केलं असं वाटलं होतं.

त्यांची निवड झाली. पहिल्याच दिवशी त्यांनी सुपरवायझरला क्रेनचं सांगितलं. त्याने छापील कागद पुढे धरला. "इथं तर येतं म्हणून लिहिलंय. आल्या आल्या काम टाळू नका." हे मला भाऊंनीच हसत सांगितलं. मीही हसलो. दुसऱ्या महिन्यात त्यांनीच क्रेनला लावलेला पोलादी साचा निसटून त्यांच्या कमरेवर आला.

दवाखान्यात मी त्यांच्या उशाशी होतो. कारखान्याचा अधिकारी जबाब घ्यायला आला. "क्रेनचा अनुभव आहे, असं फॉर्मवर कोणी लिहिलं?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. दुकान, माझी अब्रू, पोलीस, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि परत ठेवला.

"मीच," भाऊ म्हणाले. "मीच भरला."

तिसऱ्या दिवशी ते गेले. खोटी माहिती देऊन नोकरी मिळवली, असा कारखान्याचा कागद घरी आला. खोडदच्या पारावर लोक म्हणू लागले, "खरं बोलतो म्हनून लई मिरवायचा. निघाला ना खोटा?" मी तिथे उभा असायचो.

पुष्कळ वर्षांनी पारूवहिनींना सगळं सांगितलं. त्या भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. हात थांबला नाही.

"मला कशापायी सांगताय? मी कवा त्यांना खोटं म्हनलं? ज्यांनी म्हनलं त्यांना जाऊन सांगा."

त्यातले निम्मे आता हयात नाहीत. उरलेल्यांसमोर जायला मी दोनदा खोडदला गेलो आणि एसटीतून न उतरता परत आलो. म्हणून इथे लिहितो. निवृत्तीभाऊंनी तो फॉर्म भरला नव्हता. मी भरला होता.