वहिनी आमदारकीला का उभ्या राहिल्या

शेजारच्या वहिनी खुर्चीच्या हावेने निवडणुकीला उभ्या राहिल्या, असं आमच्या भोपाळच्या टाउनशिपमध्ये बोललं गेलं. खरं मला ठाऊक होतं, तरी मी गप्प बसलो.

त्यांच्या घरी भाजीला जो नावं ठेवील, त्यानेच दुसऱ्या दिवशी रांधायचं. पाहुणा असून मीही एकदा वांगी परतली होती. वाढताना डाव हवेतच धरून बोलायची वहिनींची सवय. निवडणुकीआधी एकदा अशाच वाढताना त्या आमच्या आमदारांवर कडाडल्या, "पाच वर्षांत एकदा तोंड दाखवतात, तेही हार घालून घ्यायला!"

सासूबाईंनी ताटावरून मान वर केली नाही. "नावं ठेवलीस ना? मग आता तूच उभी राहा."

आम्ही हसलो. वहिनी हसल्या नाहीत. "आणि पडले तर, आई?"

"तुझी खारट भाजी आम्ही खाल्लीच की!"

वहिनी पडल्या. यंदा पुन्हा उभ्या आहेत, आणि टाउनशिपशेजारच्या अवधपुरीत दारोदार हिंडून ही हकिकत मीच सांगतोय.