टेबलक्लॉथचा चौथा कोपरा

मुलाच्या वडिलांनी पोहे खाल्ले, चहा घेतला आणि पिवळी झालेली बोटं सरळ टेबलक्लॉथला पुसली. मी दाराआडून पाहत होते. हात पुसायला ठेवलेला पंचा त्यांना दिसला नसेल, असं आई पुढे म्हणायची. पण तो त्यांच्या मांडीवरच होता. इतक्या वर्षांनंतरही त्या गृहस्थांबद्दल माझ्या तोंडून बरा शब्द निघत नाही.

आम्ही तेव्हा अंबरनाथला चाळीत राहत होतो. वडील कारखान्यात होते. ताईला पाहायला पाहुणे यायचं ठरलं ते गौरी-गणपती उरकल्यावर आणि पितृपक्ष लागायच्या आत, म्हणजे आमच्या हातात जेमतेम तीन दिवस. पाहुणे टेबल-खुर्चीवर बसणारे, असं मध्यस्थानं दोनदा बजावलं होतं. टेबल वडिलांनी शेजाऱ्यांकडून मागून आणलं, पण त्याच्या वरच्या फळीचे पोपडे निघाले होते. त्यावर अंथरायला आमच्या घरात आईच्या जुन्या लुगड्याशिवाय काही नव्हतं.

ही अडचण सोडवली मावशींनी. मावशी म्हणजे जवळच्या निर्वासितांच्या कॅम्प पाचमधल्या बराकीत राहणाऱ्या एक सिंधी बाई. फाळणीनंतर कराचीहून आलेल्या. शिवणकाम करायच्या आणि ताई त्यांच्याकडे शिवण शिकायला जायची. आईशी त्यांचं कसं जमलं कोण जाणे, कारण आईला धड हिंदी येत नव्हती आणि त्यांना मराठी. आईला त्या 'अदी' म्हणायच्या, म्हणजे सिंधीत मोठी बहीण. ताईला पाहायला येणार हे कळल्यावर त्या आपण होऊन कॅम्पातून चालत आल्या आणि पिशवीतून हा टेबलक्लॉथ काढून आईच्या हातात दिला.

तो त्यांच्या मुलीनं भरला होता, स्वतःच्या लग्नासाठी. मुलगी इकडे येताना बोटीवर तापानं गेली. तिच्या मागे जे काही उरलं ते एवढंच, हे आम्हाला ताईकडून आधीच माहीत होतं. चार कोपऱ्यांत चार वेगळी फुलं होती, प्रत्येकाचा रंग आणि घाट निराळा. तीन पुरी झालेली. चौथ्या फुलाच्या तीन पाकळ्या लाल रेशमानं भरलेल्या, आणि पुढे काम थांबलेलं. आईनं आधी हातच मागे घेतला. मावशी म्हणाल्या, "रख लो अदी. बेटी का काम है. बस, धोना मत. झटक के दे देना."

आई म्हणाली, "तुमचा चादर मैं जीव से सांभाळेगी."

"धोना मत" हे त्या आपलं भिडेखातर म्हणतात, असंच आम्ही धरलं. आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, तसं दुसऱ्याचं कापड न धुता परत करत नाहीत. साडी एक तास नेसली तरी धुऊन, घडी करून द्यायची. ही आईची शिस्त, आणि तिच्या आईचीही.

पाहुणे गेले, "कळवतो" म्हणून. टेबलक्लॉथच्या लांब कडेला चार बोटांचे पिवळे, तेलकट पट्टे राहिले आणि बाजूला चहाच्या बशीचं एक गोल. मावशींना हे असं कसं द्यायचं? आईच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं पट्ट्यांवर तांदळाचं पीठ दाबून तेल टिपलं. चहाच्या डागावर वरून गरम पाण्याची धार धरली आणि तो बराचसा गेलाही. मग धीर आला. तिनं साबणाची वडी घेतली, चिमूटभर धुण्याचा सोडा घेतला आणि हळदीवर चोळला.

पट्टे लालभडक झाले. बघता बघता, आमच्या डोळ्यांदेखत.

आई मटकन मोरीतच बसली. "हळदीला खार लागला की कुंकू होतं, हे मला कुणी शिकवायला हवं होतं का गं? माहेरी पाट्यावर कुंकू केलंय मी!" ती स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेत होती. वडील बाहेरून म्हणाले, "नवीन घेऊन देऊ." त्यावर आईनं त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यानंतर ते पुन्हा त्या विषयात पडले नाहीत.

लिंबू पिळलं तर लाल पुन्हा पिवळं झालं. म्हणजे आम्ही होतो तिथेच आलो, वर डाग आणखी पसरला होता. ताकात भिजवून झालं, रिठ्यानं धुऊन झालं. बदलापूर गावातल्या एका म्हाताऱ्या परटाला विचारायला आई मला घेऊन गेली. त्यानं टेबलक्लॉथ हातातही घेतला नाही. "बाय, हलदीला औषद एकच, ऊन. वल्ला करायचा नि उनात टाकायचा. घासू नको बिलकूल."

पण ऊन होतं कुठे? भाद्रपदाचं आभाळ नुसतं भरून बसलं होतं. पितृपक्ष लागला. लोक कावळ्याची वाट पाहत होते आणि आम्ही उन्हाची. दोन घटका ऊन पडलं की आई हातातलं टाकून धावायची, टेबलक्लॉथ ओला करून चाळीमागच्या गवतावर पसरायची आणि मला राखणीला बसवायची. थेंब आला की मी गोळा करून घरात आणायची. मावशी शिवणाच्या वेळी ताईला काही विचारत नव्हत्या, आणि त्याचीच ताईला लाज वाटत होती. पाहुण्यांकडूनही काही कळत नव्हतं. पण घरात त्याबद्दल कुणी बोलायचं नाही. सगळे फक्त डागाबद्दल बोलायचे.

एका दुपारी मी एकटीच राखण करत होते. अकरा वर्षांची होते, आणि आईला काहीतरी मदत करावी असं मला फार वाटत होतं. पिवळ्या पट्ट्यांना हात लावायची बंदी होती. मग मला तो चौथा कोपरा दिसला. तीन लाल पाकळ्यांच्या बाजूला कापड करडं, मळकट झालं होतं, पुसट रेघारेघांचं. एवढं धुतलं आणि कोपरा मळका राहिला, असं कुणी म्हणायला नको. मी मोरीतून साबण आणला आणि घासला, चांगला खसाखसा, पांढरा होईपर्यंत. आईनं पाहिलं तेव्हा पाठीवरून हात फिरवला. "शहाणी गं माझी," म्हणाली.

सर्वपित्री अमावास्येच्या आधी तीन दिवस कडक ऊन पडलं आणि हळद खरोखर गेली. डोळ्यांत तेल घालून पाहिलं तरी दिसेना. आईनं तांब्यात निखारे घालून टेबलक्लॉथवर इस्त्री फिरवली. मावशींना तिनं मुद्दाम घरी बोलावलं, आणि कितीतरी दिवसांनी ती हसत होती.

मावशींनी घडी उलगडली. जिथे डाग पडला होता तिकडे त्यांनी पाहिलंच नाही. त्यांनी थेट तो चौथा कोपरा हातात घेतला आणि लाल पाकळ्यांच्या शेजारच्या पांढऱ्या कापडावरून बोट फिरवलं. मग कोपरा उजेडाकडे धरला. आई डागाची सगळी हकीकत तिच्या हिंदीत सांगत होती, ती मध्येच थांबली.

"यहाँ उसने पेन्सिल से बनाया था," मावशी म्हणाल्या. "बाकी का फूल. अपने हाथ से."

आईनं माझ्याकडे पाहिलं. ती मला रागावली असती तर फार बरं झालं असतं.

"कोई बात नहीं, अदी," मावशी म्हणाल्या, आणि त्या खरंच रागावल्या नव्हत्या. मला ते सहन होईना. मी धावत जाऊन दप्तरातली पेन्सिल आणली आणि त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली. कोपरा मांडीवर नीट ताणून धरला, पेन्सिलीचं टोक कापडाजवळ नेलं आणि तसंच ठेवलं. आम्ही तिघी बघत होतो.

"कुल पाँच थीं?" त्यांनी ताईला विचारलं. "या छह?"

ताईला सांगता येईना, आईला येईना.  मावशींनी पेन्सिल मला परत दिली, टेबलक्लॉथची घडी पिशवीत ठेवली आणि चहा न घेता कॅम्पाकडे निघून गेल्या.

पाकळ्या पाच होत्या की सहा, ते बघू शकणारी शेवटची मीच होते. मी मोजल्या नव्हत्या.