रॉबभाऊ, तायडे सर आणि काउंटीचा फोन

आमच्या क्लबात किस्से साचतात, कारण नेट प्रॅक्टिस संपल्यावर कोणी घरी जात नाही. पॅड सोडायला, बॅग भरायला आमचे लोक तासभर लावतात आणि तेवढा वेळ तोंड चालूच. त्यात गेल्या हिवाळ्यात रॉब येऊन गेला, आणि आता तर जुने किस्से बिचारे मागच्या बाकावर जाऊन बसलेत! नवीन पोट्टे ऐकतात आणि म्हणतात, "काका, लय फेकून राहिले तुमी." मी फेकत नाही. माझं अमरावतीत खेळाच्या सामानाचं दुकान आहे, आणि क्लबात मी विकेट राखतो. विकेटकीपरला सगळं जवळूनच दिसतं.

तर रॉब. इंग्लंडमधल्या एका काउंटी टीमचा ओपनर. दहा-बारा वर्षं पगारी क्रिकेट खेळलेला गडी. फास्ट बॉलरला चोपून काढायचा, पण फिरकीवाला आला की याची पाचावर धारण. काउंटीने त्याचा करार संपवला आणि सांगितलं, "एप्रिलमध्ये एक ट्रायल मॅच देतो. फिरकी खेळता आली तर परत घेऊ, नाही तर राम राम." राम राम म्हणजे सासऱ्याच्या फरशीच्या दुकानात बसणं. घरी बायको, लहान मुलगी. आणि क्रिकेटशिवाय दुसरं काही येत नाही, हे तो स्वतःच सांगायचा.

तिकडे नोकरीला असलेला आमच्या क्लबाचा नितीन त्याला म्हणाला, "अमरावतीले जा. तथी तायडे सर हायेत."

*

तायडे सर ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवतात आणि मैदानावर लेग स्पिन टाकतात. दोन्ही कामं न हसता. कॉलेजात इंग्रजी कडक, मैदानात वऱ्हाडी त्याहून कडक.

पहिल्या दिवशी नेटमध्ये रॉब पहिल्याच बॉलवर बोल्ड. दुसऱ्यावर पुढे आला, बॉल वळून माझ्या हातात, मी बेल्स उडवल्या. मला तर दिवाळीच! गोऱ्या प्रोफेशनल माणसाला स्टम्प करायला मिळतंय म्हटल्यावर मी घरी फोन लावून सांगितलं.

सर शांतपणे क्रीजपाशी आले. रॉबच्या डाव्या बुटाकडे बोट दाखवून म्हणाले, "हा पाय हाये का खुंटा?"

रॉबने माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर केलं. तो लाल झाला, पण मान हलवली.

मग सरांनी त्याची बॅटच काढून घेतली! आठवडाभर नुसता पाय टाकायचा, बॉलपाशी पोचायचं आणि हाताने अडवायचा. एवढा मोठा खेळाडू, विलायती हेल्मेट घालून, रिकाम्या हाताने पिचवर पुढे-मागे नाचतोय. मैदानाच्या कडेला फिरायला येणारे म्हातारे थांबून बघायचे. एकाने मला काळजीने विचारलं, "साहेबाची बॅट एअरपोर्टवर जप्त झाली का?"

*

परतवाड्याची मॅच. रॉबने पायाची घोकंपट्टी केली होती, बॅट परत मिळाली होती, आम्ही सगळे जोशात. त्यांची बॅटिंग आधी झाली आणि मग जेवण.

यजमान टीमने रोडग्यांचा बेत केला होता. गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे जाडजूड रोडगे, वांग्याची भाजी, वरण आणि वर तूप. आता आमच्या भागात पाहुण्याच्या पानात वाढणारा हात थांबत नसतो. रॉबला कोणी सांगितलं नव्हतं की पान संपवलं की पुन्हा भरतं. त्याच्या आईने शिकवलेलं, ताटात काही टाकायचं नाही. तो संपवतोय, ते वाढताहेत. त्यांचा कॅप्टन तर स्वतः तुपाची वाटी घेऊन त्याच्याशेजारी बसला होता.

जेवणानंतर साहेब ओपनिंगला गेले. पाय कुठला हलतोय! उभ्या उभ्या दोन चौके मारले आणि तिसऱ्या बॉलवर एक सोपी रन काढताना अर्ध्या पिचवर थांबले. रन आउट. तिथेच कमरेवर हात ठेवून श्वास घेत उभे.

मी त्यांच्या कॅप्टनला म्हटलं, "हे बरं नाही केलं राजेहो."

तो हात जोडून म्हणाला, "आमी का केलं भाऊ? जेवू घातलं फक्त."

*

अकोल्याचा किस्सा तर कोर्टात जायच्या लायकीचा आहे.

रॉब बॅटिंगला. बॉलने बॅटची बारीक कड घेतली, कीपरने पकडला, अपील झालं. अंपायर रिटायर्ड हेडमास्तर. त्यांना आवाज आला नाही, म्हणाले, "नॉट आउट." पण रॉबला माहीत होतं की लागलाय. त्याने बॅट काखेत मारली आणि चालू लागला.

आमच्याकडे असं कोणी चालत जात नाही. आमच्याकडे मधला स्टंप उडाला तरी माणूस आधी मागे वळून खात्री करतो. त्यामुळे कोणालाच काय झालं ते कळेना. अंपायर मात्र भडकले.

"ओ साहेब! कुठी जाऊन राहिले? मी नॉट आउट देल्लं न!"

रॉब इंग्रजीत म्हणाला, "पण माझ्या बॅटला लागला."

"ते ठरवनारे तुमी कोन? अंपायर मी हावो. चला, व्हा उभे."

समोरचा कॅप्टन सांगतोय, जाऊ द्या सर, तो स्वतःच म्हणतोय. हेडमास्तर ऐकायला तयार नाहीत. शेवटी रॉब मुकाट्याने परत आला, गार्ड घेतला आणि पुढच्याच बॉलवर क्लीन बोल्ड झाला.

हेडमास्तरांनी सावकाश बोट वर केलं. "आता जा."

*

अंजनगाव सुर्जीला मात्र गडी खेळला! त्यांचे दोन फिरकीवाले, पिच भेगाळलेलं, बॉल हातभर वळतोय, आणि रॉबचा पाय बरोबर बॉलपाशी. मी नॉन-स्ट्रायकरला होतो, माझ्या अंगावर काटा आला. शेवटपर्यंत नाबाद! बक्षीस म्हणून मॅन ऑफ द मॅचला केळीचा अख्खा घड.

परतीच्या एसटीत घड मांडीवर घेऊन बसला. कंडक्टरने विचारलं कुठून आणलात, आम्ही सांगितलं. मग त्याने सगळ्या गाडीला सांगितलं. अमरावती येईपर्यंत प्रत्येक प्रवासी अभिनंदन करून एकेक केळं घेऊन गेला, आणि रॉबच्या मांडीवर फक्त दांडा उरला. नुसता दांडा घेऊन एवढा खूश बसलेला माणूस मी कधी पाहिला नाही.

मी सरांना म्हटलं, "सर, शिकला म्हणायचं आता."

सर म्हणाले, "पाहू."

*

रॉब इंग्लंडला परत गेला आणि एप्रिल आला. ट्रायलच्या दिवशी आम्ही सगळे माझ्या दुकानात मोबाइलला डोळे लावून बसलो, आणि तिकडे धो धो पाऊस! मॅच धुऊन गेली. रॉबने फिरकीचा एक बॉलसुद्धा खेळला नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला, "पुन्हा ट्रायल नाही. काउंटीचे डायरेक्टर तायडे सरांना फोन करणार आहेत. त्यावरच ठरेल."

म्हणजे त्याची सगळी रोजीरोटी आता सरांच्या तोंडावर! आम्ही सरांना दुकानात बसवलं, चहा पाजला, विनवण्या केल्या. आमचा कॅप्टन तर पायाच पडायचा बाकी होता. "सर, फक्त फर्स्ट क्लास म्हना. आज एक दिवस."

सर चहा पीत राहिले. दुपारी फोन आला. स्पीकरवर लावला.

डायरेक्टर इंग्रजीत म्हणाले, "मला एकच सांगा. रॉबला आता फिरकी खेळता येते का?"

सर म्हणाले, "नाही."

कॅप्टन मटकन पॅडच्या खोक्यावर बसला. मी फोन हिसकावायला हात पुढे केला, सरांनी तो बाजूला सारला.

"माझी येत नाही. इथून निघायच्या आदल्या दिवशीसुद्धा मी त्याला आउट काढलं. पण तुमच्या काउंट्यांचे सगळे फिरकीवाले मी मोबाइलवर पाहिलेत. त्यांच्यात त्याला आउट करणारा एकही नाही."

तिकडून "थँक यू" आणि फोन बंद. आज एक दिवस सरळ "हो" म्हणायला काय जात होतं, म्हणून मला तर सरांचा भयंकर राग आला होता.

संध्याकाळी रॉबचा व्हिडिओ कॉल. दोन वर्षांचा करार! त्याची मुलगी मागे सोफ्यावर उड्या मारत होती, तो रडत होता, इकडे मी रडत होतो, कॅप्टन दुकानाबाहेर जाऊन रस्त्यावर नाचत होता.

सरांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"सीझन संपला की येजो," ते म्हणाले. "माह्यावाला बॉल खेळाचा राह्यलाच हाये अजून."