अण्णा आणि रक्तातले हमाल

आमच्या घरी चहा दिला की अण्णा आधी प्यायचे नाहीत. काचेचा पेला खिडकीशी धरून उजेडात निरखायचे, मग ओठाला लावायचे. पहिल्यांदा मला असा राग आला! चहात मी काय कालवलं होतं असं वाटलं यांना? "रागावू नका अक्का," ते म्हणाले, "दिवसभर लोकांचं रक्त असंच बघतो. हाताची खोड."

अण्णा आमचे बेंगळुरूचे शेजारी. घराणं मूळचं मराठी, तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं, चिकपेटेत कापडाचं दुकान. हे एकटेच दुकान सोडून इस्पितळाच्या प्रयोगशाळेत शिरले, पण बोलणं पेठेतलंच राहिलं. "चरबी पाण्यात विरघळत नाही हो. रक्तातून जायचं तर हमाल पाहिजे. प्रथिनांचे हमाल गठ्ठे उचलतात, गल्लोगल्ली पोचवतात, उरलेला माल यकृताच्या गोदामात. आणि गोदाम भारी हुशार! बाहेरून कोलेस्टेरॉल कमी आलं की घरचंच जास्त तयार करतं."

साठ सालानंतरची गोष्ट. मामंजी पुण्याहून आमच्याकडे राहायला आलेले. एकदा छातीत दुखलं, डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. अण्णांनी सकाळी बोलावलं आणि विचारलं, "रात्रीपासून काही खाल्लं नाही ना, काका?"

"छे! आज एकादशी," मामंजी म्हणाले. अण्णांनी निर्धास्तपणे सुई टोचली.

रक्त निवळल्यावर वरचा भाग नितळ दिसायला हवा. तो निघाला दुधासारखा पांढरा. उपाशीपोटी एवढी चरबी! अण्णांचा चेहरा उतरला आणि तो बघून मामंजींनी हायच खाल्ली. तूप सोडलं, फिरणं सोडलं. मनगटावरचं घड्याळ काढून आमच्या ह्यांना दिलं, म्हणाले, "तुझ्याकडेच राहू दे आता."

पुढच्या एकादशीला अण्णा धीर द्यायला आले. मामंजी साबुदाण्याची खिचडी चिवडत बसले होते. "ही काय खिचडी? तूप नाही, दाणे नाहीत. मागच्या एकादशीला कशी झाली होती! दोनदा घेतली आणि मग तुमच्याकडे रक्त द्यायला आलो."

अण्णांचा पेला खिडकीशी तसाच राहिला. "काका, काही खाल्लं नाही म्हणालात ना?"

"खाल्लं कुठे? फराळ केला."

"अय्यो रामा! मी नाही धरत, पण आमच्याकडे एकादशी म्हणजे पाण्याचा थेंब नाही हो! हमाल बिचारे तुमचं तूप वाहत होते, आणि मला वाटलं पेठच बुडाली!" हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मामंजींना मात्र यात हसण्यासारखं काय आहे ते कळेना.

दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त दिलं. रात्रीपासून स्वयंपाकघरावर माझा जातीने पहारा होता. अण्णांनी नळी खिडकीशी धरून दाखवली. पिवळसर, नितळ! "कोलेस्टेरॉल स्वल्प जास्त आहे. तूप चमचाभरच, आणि फिरायला जायचं. सरी? कळलं ना?" घरी आल्याबरोबर मामंजींनी घड्याळ परत मागितलं.

तेव्हापासून दर एकादशीला अण्णा कुंपणापलीकडून हाक द्यायचे, "काका, काही खाताय का?" आणि तोंडात घास धरून मामंजी ओरडायचे, "छे, काही नाही!"

गेले ते अण्णाच आधी, ध्यानीमनी नसताना. फार रडले मी. त्यानंतरच्या एकादशीला मामंजींपुढे खिचडीची बशी ठेवली. ते बराच वेळ कुंपणाकडे बघत राहिले, मग त्यांनी बशी बाजूला सारली.

"नको सूनबाई. आज खरंच काही खाणार नाही."