नवमीला भरलेलं मॅगझीन

आष्ट्याच्या अलीकडं मळ्यात राहणारे हिंदुराव, म्हणजे सगळ्यांचे आबा, पलटणीत कोतात होते. कोत म्हणजे हत्यारांची खोली. त्यांच्याबरोबरचे गडी बर्फात पहारे देत राहिले आणि गावाला येऊन मिशीला पीळ देत त्याच्या गोष्टी सांगत बसले. आबांच्या वाट्याला हत्यारं पुसणं आणि तेल देणं आलं. त्यातून त्यांनी एकच धर्म उचलला: गोळ्यांनी भरलेलं मॅगझीन घरात रात्र काढत नाही. सकाळी लागायचं असेल तर सकाळीच भरावं. आतली स्प्रिंग रात्रभर दबून राहिली की आळसावते, हे एक कारण. दुसरं असं, की पोटात गोळी असलेल्या हत्याराला झोप लागत नाही, ते कुणाला तरी शोधत राहतं. हे दुसरं कारण आबा हळू आवाजात सांगायचे.

बायको राहीबाई. तिचा धर्म बरोबर उलटा. रिकामं काही ठेवायचं नाही. शेजारणीची वाटी परत करताना चिमूटभर साखर तरी घालायची. रिकामा पाळणा हलवायचा नाही. रिकामी कात्री चालवायची नाही, घरात भांडणं लागतात. नात सृष्टी पिस्तुलाच्या नेमबाजीत पडली आणि सोप्यात उभी राहून रिकाम्या पिस्तुलाचा चाप टक टक ओढायला लागली, तेव्हा राहीबाई तव्यावरची भाकरी सोडून बाहेर आली होती.

"अगं, कात्रीगत काय वाजवाय लागलीस? एकादा दाणा तरी घाल त्यात."

खंडेनवमीला तर नवराबायकोची जुंपायचीच. देवापुढं कोयते, विळे, खुरपी मांडली जायची, त्यांच्या शेजारी सृष्टीचं पिस्तूल आणि पाच-पाच गोळ्या मावणारी दोन मॅगझिनं.

"देवापुढं रिकामं?" राहीबाई म्हणायची.

"भरलेलं घरात न्हाई."

"आवं, देवाला फसवता व्हय?"

"देवाला कळतंय. तुला कळंना."

शेवटी ती मॅगझिनांच्या तोंडात जोंधळ्याचे दाणे सोडायची. दसऱ्याच्या सकाळी आबा ते काढून कोंबड्यांपुढं टाकायचे आणि मॅगझिनांना दिलेलं तेल दाण्यांनी पिऊन टाकलं म्हणून दिवसभर कुरकुरायचे. संसार असाच चालला होता आणि बरा चालला होता.

मग राहीबाई गेली. आणि ती गेल्यापासून घरात रिकामं काही राहीनासं झालं.

आबांनी कप धुऊन पालथा घालावा, तर थोड्या वेळानं तो उताणा, आणि तळाला बोटभर पाणी. चंचीतली सुपारी संपलेली असावी, तर दुपारी त्यात दोन खांडं. पहिल्यांदा त्यांना वाटलं, सून करत असेल. पोरगा धैर्यशील पलटणीत, लांब. घरात सून राजेश्वरी, सृष्टी आणि आबा, एवढीच माणसं.

"मी हळदीच्या रानात हुते की, आबा," राजेश्वरी म्हणाली. "तुमचा कप मी कवा भरू?"

आबांनी पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं डॉक्टरकडं नेलं असतं.

वर्षश्राद्ध झालं. पुन्हा घट बसले. ह्या खेपेला दसऱ्यालाच सांगलीत सामने होते आणि त्यातून राज्याच्या संघात कोण जाणार ते ठरायचं होतं. सृष्टी नेम धरायची, पण मॅगझिनं भरायचे आबा. स्प्रिंग कडक असते. ती दाबून दाबून अंगठा थरथरायला लागला की नेम हलतो. म्हणून ते काम दुसऱ्यानं केलेलं बरं. आबा मैदानावर मागच्या बाकड्यावर गुडघ्यावर फडकं पसरून बसायचे आणि एकेक गोळी दाबायचे. मळा पोराच्या नावावर, गोठा सुनेच्या हाताखाली. आबांना माणसात धरावं असं हेच एक काम उरलं होतं.

आणि गौरी-गणपती गेल्यापासून त्यांचाच अंगठा दगा द्यायला लागला होता. मागच्या सरावाला गोळ्या हातातून निसटल्या, बाकड्याखाली गेल्या. सृष्टीनं वाकून उचलल्या आणि काही बोलली नाही. ते न बोलणंच आबांच्या काळजात रुतलं. उद्या सगळ्यांच्या देखत तसं झालं तर ती दुसरं माणूस बघणार, आणि आपण कुत्र्याच्या सोबतीला घरी.

म्हणून नवमीच्या दुपारी त्यांनी जन्माचा धर्म मोडला. राजेश्वरी रानात, सृष्टी कॉलेजात. दार लोटून त्यांनी दोन्ही मॅगझिनं खोलली, पुसली, तेलाचं बोट फिरवलं आणि थांबत थांबत, अंगठा बदलत भरून काढली. शेवटची गोळी आत जाताना मागं काकणं वाजली. वळून बघितलं तर कुणी नव्हतं.

"राहे, बघ," आबा म्हणाले, "ह्या वर्षी भरून ठेवलंय. आता तरी गप बस."

उत्तर आलं नाही. जित्तेपणीसुद्धा राहीबाई गप बसली म्हणजे तिला पटलं नाही, असाच अर्थ असायचा.

तिन्हीसांजेला राजेश्वरीनं हत्यारांना हळदीकुंकू वाहिलं. मॅगझीन उचलून त्याखाली पान सारताना ती थबकली.

"आबा, जड लागतंय ओ."

"तेल प्यालंय."

समईची ज्योत तेवढ्यात मॅगझिनांकडं कलली. खिडकी बंद होती. फुंकर घातल्यागत ती कलली आणि तशीच राहिली. आबा उठून बाहेर जाऊन बसले.

दसऱ्याच्या सकाळी अंघोळ करून त्यांनी हत्यारं उचलायला हात घातला आणि मॅगझिनं हलकी लागली. पिसागत हलकी. गोळ्यांची डबी उघडली, तर सगळ्या गोळ्या आपापल्या घरात उभ्या, टोकं वर. मॅगझिनांच्या तोंडात जोंधळा.

"राजेश्वरी, ह्याला कुणी हात लावला?"

"कोण लावंल? पुजल्यावर सकाळपतूर हात लावायचा न्हाई, तुमीच सांगता की."

ती खरंच सांगत होती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. आबांनी दाणे काढले. कोंबड्यांपुढं टाकायला हात धजेना. सदऱ्याच्या खिशात ठेवले.

सांगलीला मैदानावर पोचले तेव्हा बक्कळ वेळ हाताशी होता. आबांनी गुडघ्यावर फडकं पसरलं. पहिलं मॅगझीन कसंबसं भरलं. दुसऱ्यात चार गोळ्या गेल्या, पाचवी जाईना. आबांना वाटलं, अंगठाच थकला. हात बदलून बघितला. आतून काहीतरी मऊ मऊ परत लोटत होतं. तोंड आलेलं वासरू जिभेनं घास परत लोटतं, तसं.

त्यांनी गोळ्या काढल्या, बुडाची पट्टी सरकवली आणि स्प्रिंग बाहेर ओढली. तिच्या वेटोळ्यात जोंधळ्याचा कोंब होता. बोटाएवढा लांब, अंधारात वाढल्यागत पिवळा, मुळं तारेला गुंडाळलेली. घटाच्या मातीला रोज पाणी घालावं तेव्हा कुठं दसऱ्याला असा कोंब येतो. हे मॅगझीन आबांनी काल दुपारीच खोलून पुसलं होतं. त्यात तेलाशिवाय काही नव्हतं.

"आबा, हे कुठनं आलं?" सृष्टी मागं येऊन उभी होती.

"तुज्या आजीला इचार." मग त्यांना पुढचं धरून ठेवता येईना. "सृष्टे, माजा अंगठा चालंना गं. काल चोरून भरून ठिवलं हुतं. तिनं काढलं."

सृष्टीनं त्यांच्या गुडघ्यावरचं फडकं सरळ केलं.

"अंगठ्याचं ठावं हाय मला. गौरीपासनं."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर तुमी म्हणला असता, मी ऱ्हातो घरी. आणि राहिला असता." ती शेजारी टेकली. "गोळ्या तुमी हातात द्या, दाबते मी. अजून लय येळ हाय, तवर अंगठा निवंल माजा. सरका जरा."

आबा सरकले. त्यांच्या तळव्यात गोळ्या एकमेकींवर किणकिणत होत्या, बारक्या पैंजणागत. सृष्टी एकेक उचलत होती. दुसरं मॅगझीन भरल्यावर तिनं तो कोंब स्प्रिंगमधून अलगद सोडवला आणि आबांच्या टोपीत खोवला. दरसाल दसऱ्याला राहीबाई घटातला कोंब तिथंच, डाव्या अंगाला खोवायची. ही जागा सृष्टीला कुणी सांगितली नव्हती.

पंचांची हाक आली. ती उठून गेली. आबा टोपीला हात न लावता बसून राहिले.

दुपारी कर्ण्यावरून राज्याच्या संघात सृष्टीचं नाव पुकारलं गेलं. घरी येऊन सगळ्यांनी आपट्याची पानं वाटली. आबांनी दोन्ही मॅगझिनं देवापुढं नेऊन ठेवली, रिकामी. खिशातला जोंधळा काढून शेजारी मांडला आणि बाहेर येऊन बाजेवर टेकले.

राजेश्वरी गोठ्यात होती, सृष्टी फोनवर बापाशी बोलत होती. आतल्या खोलीतून आवाज आला, टक. थोडं थांबून, टक. स्प्रिंग दाबल्याचा.

आबा उठले नाहीत. बाईमाणूस कामात असलं की आत जाऊन चौकशा करू नयेत, एवढं ते एवढ्या वर्षांच्या संसारात शिकले होते.