‘माजी’वरची काळी पट्टी

वरात मारुतीच्या देवळापाशी थांबली होती आणि मांडवाच्या कमानीवर, माझ्या दिव्यांच्या पाटीवर, नवरदेवाचा बाप ‘माजी सरपंच’ म्हणून लाल अक्षरांत चमकत होता. मुलीचे वडील बाळारामशेठ धावत माझ्याकडे आले.

“काकी, ता माजी काढा. व्याह्यांनी बघितला तर वरात हितूनच परत त्यांच्या धसईला फिरवतील.”

खोटं नव्हतं. आमच्या मुरबाडकडे माणूस एकदा सरपंच झाला की मरेपर्यंत सरपंच. निवडणुकीत आपटला तरी लोक सरपंचच म्हणतात आणि तोही खुशाल ओ देतो. ‘माजी’ म्हणजे तोंडावर अपमान.

मी मांडव-लायटिंगचा धंदा करते. शिक्षण चौथी. ही पाटी तेव्हा नवीच घेतली होती. तिला मराठी अक्षर कळत नाही. पेटलेला दिवा आणि विझलेला दिवा, एवढंच कळतं. म्हणून मुरबाडच्या कॉम्प्युटर क्लासचे सर आधी नावं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये टाइप करत, मग तिचं काळं-पांढरं चित्र करत. त्याला बिटमॅप म्हणतात. चित्रात पांढरा ठिपका असेल तिथे दिवा लागतो, काळा असेल तिथे बंद. मधला रंग नाही. एकदा चित्र झालं की त्यातला शब्द बोट ठेवून खोडता येत नाही. फाइल दुरुस्त करायची, पुन्हा चित्र करायचं, पुन्हा पाटीत भरायचं.

सर मांडवातच पंगतीला बसले होते. मी जाऊन सांगितलं.

“कॉम्प्युटर तिकडे मुरबाडला राहिला, काकी,” सर जिलेबी मोडत म्हणाले.

त्यांना काय बोलणार? दिलं तसं त्यांनी केलं होतं. नावं सांगताना बाळारामशेठच्या शेजारी त्यांच्या गावचा सरपंच बसला होता. स्वतःपुढे त्याने ‘विद्यमान’ घालून घेतलं आणि बाकी सगळ्या सरपंचांपुढे ‘माजी’. त्या ओघात व्याहीही सापडले.

पाटीच बंद करते म्हटलं, तर बाळारामशेठ ऐकेनात. पाटीवर नाव येणार म्हणून व्याह्यांनी सगळ्या धसईला सांगून ठेवलं होतं.

बँड जवळ आला. मी शिडी लावली, चढले आणि वायरमनची काळी चिकटपट्टी ‘माजी’वर आडव्या ओळींनी चिकटवली. दिवे आत पेटत राहिले, बाहेर अंधार. वरात कमानीखाली आली. व्याह्यांनी मान वर केली, ‘सरपंच’ वाचलं, फेटा सारखा केला आणि आत आले. लग्न लागलं.

पण पाटीवर नावं आळीपाळीने येत होती आणि सरांनी शिस्तीत प्रत्येकाचा पहिला शब्द त्याच जागी, तेवढ्याच मापात बसवला होता. माझ्या पट्टीखाली सगळ्यांचे ‘माजी’ गेले, आणि ‘विद्यमान’ही गेला. त्या संध्याकाळी धसईचे व्याही सोडूनही एका गावाला चार सरपंच झाले. तिघे कमानीखाली उभे राहून फोटो काढत होते. चौथा माझ्याकडे आला.

“काकी, पट्टी काढा. मी खरा सरपंच हाय.”

“व्याही जेवतायत,” मी म्हटलं. “त्यांचे हात धुवून झाले की काढते.”

तो न जेवता गेला.

पुढच्या निवडणुकीत तो पडला. नंतर त्याच्या पुतण्याचं लग्न निघालं, तेव्हा सुपारी द्यायला स्वतः आला. नावं सांगून झाली, तरी जागचा उठेना. शेवटी म्हणाला, “पाटीबरोबर ती काळी पट्टीबी आणा.”

आता पाटी मी पट्टी लावूनच पाठवते. विद्यमानांची तक्रार येते, पण ती पाच वर्षांपुढे टिकत नाही.