सात नंबर शनिवारी बंद असते

आमच्या शेजारच्या भाऊजींना अख्खी इमारत 'कंडक्टर' म्हणते. बसच्या नोकरीतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण माणूस अजून खुर्चीत बसत नाही. दाराच्या चौकटीला पाठ टेकून, पाय फाकवून उभा राहतो, जणू घर आत्ता वळण घेणार आहे. आवाज इंजिनावर मात करायला घडवलेला. मी भिंतीला कान लावते अशी वहिनींची तक्रार आहे. साफ खोटं. भिंतच माझ्या कानाला येऊन लागते, मी काय करू?

त्या घरात बोलणं कमी, घंटा जास्त. पेल्यावर चमचा एकदा टण्ण, म्हणजे सिंगल: थांबा, चहा पुरे. दोनदा टण्ण-टण्ण, म्हणजे डबल: चालू द्या. लग्नाला होकारही वहिनींनी बशीवर दोनदा वाजवून दिला, असं मी सगळ्यांना सांगते. वहिनी नाही म्हणतात. एकुलत्या लेकीला भाऊजी लाडाने 'चिल्लर' म्हणतात, कारण नोकरीभर ती कधी पुरली नाही.

तर ही चिल्लर शिकायला गेली दूरच्या एका बेटावर. पोवळ्यांचा अभ्यास. पोवळं अंगठीत बसवतात एवढंच आम्हाला ठाऊक. ते जिवंत असतं आणि त्याचीही तब्येत बिघडते, हे तिनेच सांगितलं. भाऊजींना पोवळ्यांशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी त्या बेटावरच्या बसचं वेळापत्रक नकाशासकट इंटरनेटवर शोधलं, झेरॉक्सवाल्याकडून अकरा पानं छापून आणली आणि फ्रिजशेजारी चिकटवली. दर शनिवारी लेकीचा व्हिडिओ कॉल. या आठवड्यात धबधबा, त्या आठवड्यात गुहा. ती सांगायची, हे लाल पेन्सिलीने खूण करायचे.

एका शनिवारी मी साखरेसाठी वाटी घेऊन तिथे उभी होते. (माझ्या डब्यात साखर होती, पण तो मुद्दा नाही.)

"आज दीपगृह पाहिलं, बाबा. सात नंबरने गेले. काय छान आहे!"

भाऊजींची पेन्सिल हवेतच राहिली. "बरं, बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"सात नंबर शनिवारी बंद असते."

"चुकून दुसऱ्या बसमध्ये बसली असेल," वहिनी म्हणाल्या.

"माझी मुलगी? चुकीच्या बसमध्ये?" खोटेपणापेक्षा हा अपमान त्यांना जास्त लागला. "आणि मागे खुर्चीवर तो हिरवा टॉवेल पाहिलास? चार शनिवार तसाच लोंबतोय, धबधब्यालाही नेला नाही."

"एखादा मुलगा असेल हो, भाऊजी," मी आपली मदत म्हणून म्हटलं.

"टॉवेलमध्ये?"

मी वाटी न्याहाळू लागले. भाऊजींनी परत फोन लावला. ना कशी आहेस, ना काय. "तिकीट दाखव."

पोर जी रडायला लागली! महिनाभर वर्ग आणि खोली, खोली आणि वर्ग. धबधबा नि गुहा माहितीपत्रकातल्या. "सगळे टोळीने फिरतात, मलाही बोलावतात. पण त्यांचे विनोद मला कळेपर्यंत सगळे हसून मोकळे झालेले असतात. कॉलेज सोडायचा अर्ज लिहून ठेवलाय, बाबा. सोमवारी देते आणि येते परत. तुम्ही फक्त सिंगल मारा."

वहिनींनी डोळे पुसत चमचा उचललासुद्धा. भाऊजींनी त्यांचा हात धरला. इतक्या वर्षांत मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

"मारतो. शब्द माझा. पण गाडी स्टॉपवर थांबते, आडरानात नाही. उद्या तुझ्याकडच्या नऊ वीसची चार नंबर. शेवटच्या स्टॉपवर उतर, मग मारतो."

रविवारी माझी साखर पुन्हा संपली. भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून चौकटीत उभे, फोन स्पीकरवर.

"चढलीस? आत सरक. कंडक्टरला सांग, शेवटचा स्टॉप."

"कंडक्टर नाहीये, बाबा. ड्रायव्हर आणि एक मशीन."

"कंडक्टर नाही?" बसला चाकं नाहीत म्हटल्यासारखा चेहरा. "मग सिंगल कोण मारतं?"

"आपणच. खांबाला बटण आहे."

"आणि डबल?"

"डबल नाहीच. कुणी सांगत नाही. गाडी आपली आपण निघते."

भाऊजींनी वेळापत्रकावर बोटाने दोन स्टॉप मोजले. मग एकदम गरजले, "आता बाजार, मग उतार! उतारावर घट्ट धर!"

तिकडे शेजारच्या म्हातारीने विचारलं, हे कोण ओरडतंय? चिल्लरने सांगितलं. अख्खी बस हसली आणि तीही हसली. या वेळी विनोद तिला सगळ्यांच्या आधी कळला होता.

मग फोनमधून नुसता वारा.

"उतरले. समुद्र आहे. खोलीतून दिसतो तोच. आता तुमचा शब्द."

भाऊजींनी पेला घेतला, चमचा घेतला. टण्ण. एकदाच.

मग तिकडे लोखंडी कठड्यावर पाण्याची बाटली आपटल्याचा आवाज आला. एकदा. आणि जरा थांबून, दुसऱ्यांदा.

"बाबा, परतीची बस कितीला आहे?"

"पाऊण तास आहे. दीपगृह तिथून दहा मिनिटांवर, पान आठ. चाल चाल, उभी काय राहिलीस!" आणि स्वतः भाऊजी मात्र खुर्चीत बसले.

पुढच्या शनिवारी मी वाटी घेऊन मुद्दाम बघायला गेले. तिच्या मागच्या खुर्चीवर टॉवेल नव्हता. ओल्या वाळूने भरलेले बूट होते, थेट गादीवर. वहिनींनी तासभर त्यावरून तिला झापलं.